धसका कधी बसतो

सध्या मोबाइलवर कॉर्टिसॉलची बदनामी जोरात चालू आहे. चेहरा सुजलाय? कॉर्टिसॉल. पोट सुटलंय? कॉर्टिसॉल. पहाटे तीनला टक्क जाग येते? दुसरं कोण असणार! मग एक हसतमुख मुलगी ग्लासात संत्र्याचा रस, नारळपाणी आणि चिमूटभर मीठ घालून ढवळते आणि सांगते, रोज हे प्या, कॉर्टिसॉल खाली येईल. ताण वाईट, ताणाचं हॉर्मोन वाईट, तेव्हा ते जितकं कमी तितकं बरं, असा सगळा सरळ हिशेब. प्राण्यांच्या भीतीवर गेल्या शंभरेक वर्षांत जे काम झालंय, त्यातलं थोडंफार मी मध्यंतरी वाचून काढलं, तेव्हा हा हिशेब जागोजागी फिसकटताना दिसला. या हॉर्मोनला एखादा वकील मिळायला हवा, असं मला हल्ली वाटतं.

वाचायला सुरुवात झाली ती एका कुत्र्यामुळे.

माझं माहेर जुन्नर तालुक्यात. ऊस, द्राक्षं, टोमॅटो आणि बिबट्या ही आमच्याकडची मुख्य पिकं, असं दादा म्हणतो. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्याला लपायला, पिल्लं घालायला जागा झाली. गावठी कुत्रं हे त्याचं हाताशी असलेलं जेवण. मळ्यातल्या घरी राणी आणि टिप्या अशी दोन कुत्री होती. एका रात्री बिबट्या अंगणात आला आणि राणीला घेऊन गेला. टिप्या पडवीत तिच्या शेजारीच झोपलेला होता. आवाज ऐकून दादा बॅटरी घेऊन धावला, तेव्हा टिप्या सरपणाच्या ढिगामागे ताठ उभा होता. शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले, तोंडातून लाळेची तार. भुंकणं नाही, पळणं नाही. बॅटरीचा झोत थेट डोळ्यांवर पडला तरी पापणी हलली नाही.

सकाळी मात्र त्याने भाकरी खाल्ली, नेहमीसारखा दादाच्या मोटरसायकलमागे फाट्यापर्यंत धावला. वहिनी फोनवर म्हणाली, "गडी सावरला हो ताई." पुढचे काही दिवस तसेच बरे गेले. मग हळूहळू त्याचं बिनसायला लागलं. दिवेलागण झाली की घरात घुसून पलंगाखाली जायचं. ताटली पडली तरी तिथल्या तिथे लघवी. आणि सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे उसाच्या बांधाने तो दिवसा खुशाल हिंडायचा. बिबट्या जिथून आला तिथे हुंगत उभा राहायचा. पण कुणी बॅटरी पेटवली की केकाटत पळत सुटायचा. मोबाइलचा दिवा लावला तरी तेच. वहिनीचं म्हणणं, "त्याला वाघाचं काही वाटत नाही, बॅटरीचंच भ्या घेतलंय त्याने." आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.

मला दोन गोष्टी समजेनात. ज्या रात्री सगळं घडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी धड असलेलं जनावर इतक्या उशिरा का बिघडावं? आणि बिबट्याला सोडून बॅटरीची भीती का? एका कुत्र्यावरून शास्त्र होत नाही हे मान्य. प्रश्न मात्र होतो.

धोका समोर आला की शरीरात दोन गोष्टी होतात, एक झटपट, एक सावकाश. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी बसलेली ॲड्रेनल ग्रंथी दोन्हींत सामील असते. तिच्या गाभ्यातून काही सेकंदांत ॲड्रेनलिन सुटतं आणि छाती धडधडायला लागते. दुसरी वाट लांबची आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस एक रसायन सोडतो, ते खालच्या पिच्युटरी ग्रंथीला जागं करतं, पिच्युटरीचा निरोप रक्तातून ॲड्रेनलच्या सालीपर्यंत पोचतो आणि मग तिथून माणसात, कुत्र्यात कॉर्टिसॉल, तर उंदरात त्याचं भावंड कॉर्टिकोस्टेरॉन बाहेर पडतं. याला वेळ लागतो. संकट येऊन गेल्यावर वीस-तीस मिनिटांनी ते भरात येतं. या साखळीतलं पहिलं रसायन 1981 मध्ये अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटच्या वाइली व्हेल यांच्या गटाने ओळखलं. त्यासाठी कत्तलखान्यातून आणलेल्या मेंढ्यांचे लाखो हायपोथॅलॅमस त्यांना गाळावे लागले होते.

ॲड्रेनलिनची एक गंमत आहे. ज्याच्या नावाने आपण थरारक खेळ विकतो, ते मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधली चाळणी त्याला अडवते. मग ते मेंदूला कळवतं कसं? पोटाकडून मानेतून वर जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूमार्फत. तो निरोप मेंदूच्या देठातल्या लोकस सेरुलियस नावाच्या एका इवल्या निळसर ठिपक्यापर्यंत जातो. उंदरात या ठिपक्यात एका बाजूला जेमतेम दीड हजार पेशी. पण त्यांचे धागे मेंदूभर पसरलेले असतात आणि त्यांतून नॉरॲड्रेनलिन सुटतं. कॉर्टिसॉलचं तसं नाही. ते स्निग्ध जातीचं, चाळणीतून सरळ आत जातं. आत गेल्यावर ते कुठे जाऊन बसतं, हे ब्रूस मॅकएवन यांनी 1968 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात शोधलं. किरणोत्सर्गी कॉर्टिकोस्टेरॉन त्यांनी उंदरांना टोचलं, तर ते सगळ्यात जास्त हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींच्या कामात ज्याच्यावाचून चालत नाही त्या भागात, साठलेलं सापडलं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं आठवणींशी काय काम, हा प्रश्न तिथून उभा राहिला.

त्याचं निम्मं उत्तर एका वेगळ्याच माणसाकडे तयार होत होतं. जेम्स मॅकगॉ विद्यार्थी असताना, 1950 च्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी एक उलटी गोष्ट करून पाहिली. स्मरणशक्तीवर औषधाचा परिणाम बघायचा तर औषध शिकण्याआधी द्यायचं, अशी तोवरची रीत. मॅकगॉंनी ते शिकून झाल्यावर दिलं. उंदीर शिकला, पिंजऱ्यात परत गेला, आणि मग सुई. तरी दुसऱ्या दिवशी त्याची आठवण जास्त पक्की निघाली. तीच सुई काही तासांनी टोचली तर मात्र फरक नाही.

भीतीच्या बाबतीत हा प्रयोग असा करतात. एका लांबट खोक्याचे दोन कप्पे, एक उजेडाचा, एक अंधारा. उंदराला अंधार आवडतो, त्यामुळे उजेडात ठेवला की काही क्षणांत तो पलीकडे जातो. पलीकडे त्याच्या पायांना विजेचा हलका झटका बसतो. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा उजेडात ठेवायचं आणि घड्याळ लावून बसायचं. तो उंबऱ्याशी येतो, मिश्या फडकवतो, एक पाय आत टाकतो, काढून घेतो, मागे सरतो. जितका वेळ घुटमळेल तितकी भीती लक्षात राहिली असं धरायचं. पॉल गोल्ड आणि व्हॅन बस्कर्क यांनी 1975 मध्ये अशा उंदरांना सौम्य झटक्यानंतर लगेच ॲड्रेनलिन टोचलं. दुसऱ्या दिवशी ते मोठा झटका बसल्यासारखे घुटमळले. झटका तेवढाच, नंतरचं रसायन वेगळं. आणि ॲड्रेनलिनचा डोस फार वाढवला तर उलट आठवण कच्ची राहिली.

म्हणजे घटना संपते तेव्हा आठवण तयार झालेली नसते. नुकत्याच सारवलेल्या जमिनीसारखी ती ओली असते, आणि ती वाळेपर्यंत शरीरात जे काही वाहत असेल त्याचा ठसा तिच्यावर उमटतो. मॅकगॉ आणि बेन्नो रोझेंडाल यांनी पुढची वर्षं हे नेमकं कुठे घडतं ते हुडकण्यात घालवली. जागा निघाली अमिग्डाला, बदामाएवढा आणि बदामाच्याच आकाराचा भाग. तिथे नॉरॲड्रेनलिन आणि कॉर्टिकोस्टेरॉन दोघांची गाठ पडावी लागते. अमिग्डालात नॉरॲड्रेनलिनची वाट औषधाने अडवली, तर कॉर्टिकोस्टेरॉन कितीही असो, आठवण पक्की करण्याचं त्याचं काम तिथे थंडावतं. आठवण पक्की करायला एकटं कॉर्टिसॉल पुरत नाही. मोबाइलवरच्या मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं.

माणसांवरही याची एक छान परीक्षा झाली. 1994 मध्ये लॅरी केहिल आणि मॅकगॉ यांनी लोकांना चित्रं दाखवत एक गोष्ट सांगितली. आई आणि मुलगा वडिलांना भेटायला निघालेत, वडील इस्पितळात नोकरीला. एका गटाला साधी गोष्ट, दुसऱ्याच्या गोष्टीत वाटेत मुलाला मोटारीची धडक बसते. आठवड्याने विचारलं, तर अपघाताचा भाग लोकांना इतर भागांपेक्षा ठळक आठवत होता. पण ज्यांना आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं, म्हणजे ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिनची वाट अडवणारी, बीपीच्या कितीतरी पेशंटांना माहीत असलेली गोळी, त्यांना तो जास्तीचा ठळकपणा नव्हता. गोष्टीचा साधा भाग मात्र त्यांना इतरांइतकाच आठवत होता.

आता टिप्याच्या पहिल्या प्रश्नाकडे. काही तासांचं सारवण ठीक आहे, पण आठवडा उलटल्यावर काय? याचं उत्तर मला मिळालं ते बंगळूरचं, आणि खरं सांगायचं तर ते आपल्या इतक्या जवळचं निघालं याचा आनंद झाला. तिथल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंदरांना ताण देऊन मेंदूच्या पेशींचं काय होतं ते वर्षानुवर्षं पाहिलं. ताण कसा, तर निमुळत्या प्लास्टिकच्या पिशवीत उंदराला असं बसवायचं की त्याला हलता येऊ नये. रोज दोन तास, दहा दिवस. मग मेंदूचे काप काढून चांदीच्या क्षारांनी रंगवायचे. या रीतीची खुबी अशी की शंभरातल्या एखाद-दोनच पेशी रंग घेतात, पण ज्या घेतात त्या फांदीफांदीसकट काळ्याभोर उठून दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फांद्या एकेक करून हाताने रेखाटायच्या. महिनोन्महिन्यांचं काम. त्या उंदरांना यातलं काही विचारलं नव्हतं, आणि हे वाचताना ती पिशवी माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती, हेही इथे नोंदवून ठेवते.

2002 मध्ये अजय व्यास आणि चटर्जी यांच्या गटाने जे छापलं त्याने बऱ्याच जणांना चकवलं. ताणाने हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात हे तोवर ठाऊक होतं. त्यामुळे ताण म्हणजे मेंदूची झीज, असंच धरून चाललेलं. बंगळूरच्या त्याच उंदरांत अमिग्डालाच्या पेशी मात्र वाढल्या होत्या. लांब फांद्या, जास्त फाटे. एकच ताण, तेच हॉर्मोन, आणि मेंदूचे दोन शेजारी उलट दिशांना निघालेले. नंतर उंदरांना एकवीस दिवस विश्रांती दिली, तेव्हा हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला, अमिग्डालाची वाढ टिकून राहिली. उंदीरही घाबरटच राहिले. ठिकाणकाळ नीट नोंदवणारा भाग रोडावतो आणि घाबरवणारा भाग फोफावतो, यातून कसलं जनावर तयार होत असेल याची कल्पना यायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

मला हवी होती ती गोष्ट 2005 ची. रूपशी मित्रा आणि सहकाऱ्यांनी उंदरांना एकदाच त्या पिशवीत बसवलं, दोन तास. दुसऱ्या दिवशी तपासलं तर काही नाही. वागणं ठीक, पेशी ठीक. दहाव्या दिवशी तपासलं तेव्हा अमिग्डालाच्या फांद्यांवर नवे काटे फुटले होते. हे काटे म्हणजे पेशी-पेशींच्या जोडण्यांच्या जागा. आणि जमिनीपासून उंचावर असलेल्या अधिकच्या चिन्हासारख्या चौकटीवर (तिचे दोन हात उघडे, दोनांना भिंती) सोडलं, की ते उंदीर उघड्या हातांकडे फिरकेनात, भिंतीच्या आडोशालाच चिकटून राहिले. मधल्या दहा दिवसांत त्यांना कुणी त्रास दिलेला नव्हता. धसका आतल्या आत वाढत गेला होता. हे वाचून मी दादाला फोन केला, तर तो म्हणाला, "आमच्या कुत्र्याला कळलं ते त्यांना बंगळूरला कळलं होय?"

इथपर्यंत कॉर्टिसॉलवर आरोपपत्र तयार झाल्यासारखं वाटेल. पण याच प्रयोगशाळेने पुढे एक साधा प्रश्न विचारला. ताणाआधीच उंदराच्या अंगात कॉर्टिकोस्टेरॉन जास्त असेल तर? पिण्याच्या पाण्यातून ते देऊन पाहिलं. अंदाज सगळ्यांचा एकच असणार, की भीती दुप्पट होईल. झालं उलटं. दहा दिवसांनी ना काटे वाढले ना घाबरटपणा. हे 2012 मध्ये छापून आलं. 2020 मध्ये त्यांनी दाखवलं की ताण संपल्यानंतर दिलं तरी ते उशिरा येणारं दुखणं टळतं. म्हणजे ज्याच्यावर आळ, तोच त्या वेळी पुरेसा हजर असता तर बरं झालं असतं.

हे उंदरांपुरतं असेल असं वाटून मी पुढे वाचत गेले. म्युनिकमध्ये गुस्ताव शेलिंग नावाचे डॉक्टर अतिदक्षता विभागातून वाचलेल्या रुग्णांचा माग ठेवत होते. जंतुसंसर्गाने शरीर कोसळलेल्या ज्या रुग्णांना उपचारात हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉलच, दिलं गेलं होतं, त्यांना नंतर आयसीयूची भयानक स्वप्नं आणि आघातोत्तर त्रास कमी झाल्याचं त्यांना दिसलं. न्यूयॉर्कच्या रेचल येहुदा यांना नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांमध्ये, ज्यांना तो त्रास जडला होता त्यांचंच कॉर्टिसॉल कमी सापडलं होतं. जास्त नव्हे, कमी! यामागचं एक स्पष्टीकरण मला पटतं. ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिन आग लावतात आणि मागाहून येणारं कॉर्टिसॉल बऱ्याच अंशी ती विझवायला येतं. ते तोकडं पडलं की आग धुमसत राहते. पण विझवणाराही चुकीच्या वेळी चुकीच्या घरात शिरला तर घोटाळा करतोच.

तो घोटाळा बोर्दोच्या उंदरांत दिसला, आणि तिथे टिप्याच्या बॅटरीचा काही उलगडा झाला. 2012 मध्ये फ्रान्समधल्या ॲलिन देस्मेट यांच्या गटाने छोट्या उंदरांना एका पिंजऱ्यात झटके दिले. मधूनमधून एक सूरही वाजवला, पण झटक्याशी त्याचा संबंध ठेवला नाही. शहाणा उंदीर यातून काय शिकेल? पिंजरा वाईट, सुराचं काही नाही. आणि तेच तो शिकतो. पण झटका जोराचा असताना, धडा संपल्याबरोबर काही उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये थेट कॉर्टिकोस्टेरॉन सोडलं. ते उंदीर पिंजऱ्यात निवांत आणि सूर वाजला की थिजलेले! भीती भरपूर, पत्ता चुकलेला. झटका जोराचा आणि हॉर्मोनही जास्तीचं, तेव्हा कुठे, कशामुळे हे ध्यानात ठेवणारं खातं गोंधळतं आणि भीती हाताला लागेल त्या खुणेला जाऊन चिकटते. टिप्याच्या बाबतीत सरपणामागे डोळ्यांत शिरलेला तो झोत ही सगळ्यात लख्ख खूण होती. दादा बिचारा वाचवायला गेला होता.

बसलेली भीती निघते का? याबाबत सगळ्यात प्रामाणिक साक्ष मला पावलॉव्हच्या कुत्र्यांची वाटते. या रशियन शास्त्रज्ञाने घंटेला लाळ गाळायला शिकवलेल्या त्या कुत्र्यांचं पुढे काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही. 23 सप्टेंबर 1924 रोजी लेनिनग्राडला नेव्हा नदीचा मोठा पूर आला. कुत्र्यांच्या खुराड्यांत पाणी शिरलं आणि त्यांना पोहवत प्रयोगशाळेच्या इमारतीपर्यंत न्यावं लागलं. वाचली. पण काही कुत्री शिकलेलं सगळं विसरली होती. काही मुळीच डगमगली नव्हती, आणि पावलॉव्हना त्या फरकाचंच जास्त कुतूहल होतं. बिघडलेल्यांना पुन्हा शिकवून मार्गावर आणलं. मग एकदा खोलीच्या दाराखालून मुद्दाम पाण्याचा बारीकसा ओघळ आत सोडला. कुत्रा अस्वस्थ झाला, धापा टाकू लागला, आणि शिकलेलं पुन्हा गेलं. वरून बुजलं होतं, आत होतं.

2000 मध्ये करीम नादेर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लडू यांनी न्यूयॉर्कमध्ये दाखवलं की जुनी भीती आठवून दिली की ती थोडा वेळ पुन्हा कच्ची होते, आणि त्याच वेळी अमिग्डालात नवी प्रथिनं बनणं औषधाने थांबवलं तर ती नीट परत बसत नाही. त्यावर आठवण पुसण्याच्या गोळीच्या बातम्या खूप झाल्या. माणसांत प्रोप्रॅनोलॉल देऊन केलेले प्रयोग कधी जमले, कधी फसले. गोळी अजून आलेली नाही, आणि आली तरी सैन्याने ती आधी कुणाला दिली असती, या विचाराने मी फारशी हळहळत नाही.

प्रयोगशाळेबाहेरच्या जनावरांचं काय, हा प्रश्न मला जास्त सतावतो. कॅनडाच्या युकॉनमधल्या सशांचं उदाहरण घ्या. तिथे बर्फाळ प्रदेशातल्या सशांची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्रात वाढते आणि कोसळते, कारण त्यांच्या मागोमाग लिंक्स ही रानमांजरं वाढतात. रूडी बून्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी सशांच्या लेंड्या गोळा करून त्यांतून कॉर्टिसॉलचे अंश मोजले. शिकारी वाढले की लेंडीतले अंश वाढतात, माद्यांना पिल्लं कमी आणि लहानखुरी होतात, आणि पिल्लंही ताणाला जास्त हळवी निपजतात. शिकारी मरून गेल्यावरही सशांची संख्या बरीच वर्षं का सावरत नाही, याचं एक कारण हे असू शकतं. बून्स्ट्रांचं म्हणणं असं की याला आजार म्हणू नका. खऱ्या जंगलात, जिथे आज ना उद्या कुणीतरी तुम्हाला खाणारच आहे, तिथे आईने पिल्लांना भेदरट करून जन्माला घालणं हा शहाणपणा असेल. मला हे अर्धंच पटतं. ससा जगला हे खरं, पण तो कसा जगला हेही बघायला नको का?

आपल्याकडेही हैदराबादच्या प्रयोगशाळेत वाघ-हत्तींच्या विष्ठेतून हे हॉर्मोन मोजतात. आणि आमच्या जुन्नरच्या बिबट्यांची गोष्ट तर विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने जगभर पोचली. गावाजवळचे बिबटे पकडून दूर जंगलात सोडायचा कार्यक्रम 2001 मध्ये जोरात झाला. त्याआधी, 1993 ते 2001 या काळात जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. कार्यक्रमानंतर ते सतरावर गेले. पिंजरा, माणसांची गर्दी, अनोळखी मुलूख यांचा ताण जनावराच्या वागण्यात उतरला असावा, हे अभ्यासकांनी दिलेल्या कारणांपैकी एक. पंचायतीत पिंजऱ्याची मागणी करणाऱ्यांना हे सांगून बघा! माझा चुलतभाऊ मला म्हणाला, "तुझं ते हॉर्मोन रात्री गोठ्यात येऊन बस म्हणावं." त्याचंही खोटं नाही. त्याची शेळी गेली होती.

या सगळ्या वाचनात मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळले ते रेजिना सुलिवान यांच्या उंदरांच्या पिल्लांपाशी. डोळे न उघडलेली, गुलाबी, बोटाएवढी पिल्लं. त्यांना पेपरमिंटचा वास देऊन त्याच वेळी शेपटीला हलका झटका द्यायचा. मोठा उंदीर अशा वासापासून आयुष्यभर लांब पळेल. दहा दिवसांच्या आतलं पिल्लू त्या वासाकडे सरकत जातं. झटका त्याला लागतो, ते कळवळतं, पण भीती शिकत नाही. कारण विचार केला तर पटतं. या वयात पिल्लाचं सगळं जग म्हणजे आईचा वास. ती अंगावर पाय देते, मानेला धरून फरफटत नेते. तिला भिऊन लांब गेलेलं पिल्लू मेलंच. म्हणून त्या दिवसांत आईच्या सहवासामुळे पिल्लाचं कॉर्टिकोस्टेरॉन तळाशी असतं आणि अमिग्डाला भीतीच्या शिकवणीला बसतच नाही. सुलिवान यांनी एवढ्याशा पिल्लाला बाहेरून कॉर्टिकोस्टेरॉन दिलं, तर ते वेळेआधीच भीती शिकलं.

दहा दिवसांनंतर पिल्लाचं स्वतःचं कॉर्टिकोस्टेरॉन वर यायला लागतं आणि भीती शिकता येते. पण पुढचे काही दिवस एक अट असते. 2006 मध्ये स्टेफनी मोरिसो आणि सुलिवान यांनी ती दाखवली. पिल्लू एकटं असेल तर वास आणि झटका यांतून भीती शिकतं. तोच वास, तोच झटका, फक्त खोलीत आई असेल तर हॉर्मोन चढत नाही आणि पिल्लू पुन्हा वासाकडे सरकतं. आईने काही करायची गरज नसते. तिथे असणं पुरतं. हे वाचताना पहिल्यांदा ऊर भरून येतो आणि मग लक्षात येतं की दुष्ट आईचं पिल्लूही तिला असंच चिकटून राहत असणार. सुलिवान यांच्या कामाचा एक मोठा भाग नेमका तोच आहे, मार खाऊनही आईला न सोडणारी पिल्लं.

खोलीत कोण आहे याला इतकं महत्त्व असेल, तर प्रयोग करणाऱ्या माणसाचं काय? हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी धड विचारला नव्हता. प्रयोगशाळांतून कुजबुज मात्र असायची, की अमुक जण खोलीत असला की उंदीर वेगळेच वागतात. शेवटी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने ते तपासलं आणि 2014 मध्ये छापलं. पुरुष जवळ बसला की उंदरांचं कॉर्टिकोस्टेरॉन चढतं, आणि त्या ताणापायी त्यांना वेदनाही कमी जाणवते. बाई बसली की असं होत नाही. माणूस नको, पुरुषाने रात्री घालून झोपलेला टी-शर्ट ठेवला तरी पुरतो, आणि शेजारी बाईचा टी-शर्ट ठेवला की परिणाम ओसरतो. तासाभरात उंदीर सरावतात, पण घाईच्या प्रयोगाला तासभर थांबतो कोण! भीतीवरचे, वेदनेवरचे, स्मृतीवरचे किती निष्कर्ष असे कुणाच्या तरी अंगाच्या वासात भिजलेले असतील, याचा हिशेब आता मागे जाऊन लागणं अवघड आहे. लेखकांनी शेवटी एक साधीच सूचना केली आहे, की यापुढे शोधनिबंधात निदान एवढं लिहीत चला, उंदरांपाशी कोण बसलं होतं, बाई की बुवा.